मातीचा बांध आणि त्याचा सांडवा

जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांच्या पश्चिमेला सह्याद्रीचे डोंगर आहेत. तिथे पाऊस मुसळधार पडतो. कुकडी, मीना, घोड या नद्या तिथूनच निघतात. त्यांच्यावर माणिकडोह, वडज, डिंभे अशी मोठी धरणे आहेत. पण आपल्या गावच्या ओढ्याचे काय? दोन तास पाऊस झाला की ओढा फुगतो. काठची माती खरवडून नेतो. पावसाळा सरला की कोरडा पडतो.

अशा ओढ्यावर मातीचा लहान बांध घालतात. धावते पाणी तिथे थांबते. पुराचा जोर मोडतो. गाळ मागे राहतो. पाणी जमिनीत मुरते आणि खालच्या विहिरींना पाझर फुटतो.

बांध म्हणजे मातीचा नुसता ढीग नव्हे. आधी चर खणतात, तो घट्ट मुरूम किंवा खडक लागेपर्यंत. त्यात चिकण माती भरतात. तीच माती बांधाच्या पोटातून वर नेतात. हा बांधाचा गाभा. तो पाणी अडवतो. त्याच्या दोन्ही बाजूंना मुरूम घालतात. माती थराथराने टाकायची, पाणी शिंपडायचे आणि दाबायची. पाण्याकडच्या उतारावर दगड लावायचे, म्हणजे लाटांनी माती ढासळत नाही.

आता खरी मेख सांडव्याची! तलाव भरला की जादा पाणी बाजूने काढून देणारी वाट म्हणजे सांडवा. तो बांधाच्या माथ्यापेक्षा बराच खाली हवा. पाणी माथ्यावरून गेले, की माती धुपते आणि बांध फुटतो. "थोडे जास्त पाणी साठेल" म्हणून कोणी सांडवा बुजवू लागला, तर त्याला अडवा.

१२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे मातीचे धरण फुटले. त्याचे काम पुरे व्हायचे होते. त्या लोंढ्याने खडकवासल्याचे धरणही फुटले आणि नदीकाठचे पुणे बुडाले. २ जुलै २०१९ च्या रात्री रत्नागिरी जिल्ह्यातले तिवरे धरण फुटले. तेही मातीचेच. खालच्या वाडीतली माणसे झोपेच्या वेळी वाहून गेली. धरण गळते, हे गावकऱ्यांनी आधीच सांगितले होते.

म्हणून मृगाआधी चार जणांनी बांधावरून फिरून यावे. झाडे उगवली आहेत का? मुळे कुजली की आत पोकळी होते. उंदराखेकड्यांची बिळे आहेत का? कुठे भेग पडली आहे का? खालच्या बाजूने थोडे स्वच्छ पाणी झिरपत असेल, तर रोज लक्ष ठेवा. पण पाणी गढूळ येऊ लागले, तर आतली माती निघाली असे समजा. मग वाट पाहू नका. आधी खालची घरे मोकळी करा, तहसीलदारांना लगेच कळवा.

बांध गावाचा आहे. त्याची राखणही गावानेच करायची.