घरच्यांच्या जोरावर चॅरिटी रन: आधी तीन खिसे वेगळे करा, मग धावा



दुकानाला पंचवीस वर्षं झाली, घरातल्या कोणाची आठवण जपायची आहे किंवा मंडळातर्फे काही सामाजिक काम करायचं आहे, तर हल्ली चर्चेत "चॅरिटी रन" हा शब्द येतोच. शिवाजी पार्कला, फाइव्ह गार्डन्सला, मरीन ड्राइव्हला रविवारी सकाळी धावणारे ग्रुप आपण सगळेच बघतो. वाटतं, दोनशे माणसं तर आपणही गोळा करू. आणि होतातही! वहिनी पोह्यांचं बघतात, पोरं रजिस्ट्रेशन सांभाळतात, काका पोलीस चौकीत जाऊन येतात. खरी परीक्षा असते संध्याकाळी, हिशेबाला बसल्यावर. ज्या संस्थेचं नाव बॅनरवर टाकलं, तिच्या हातात द्यायला नेमके किती उरले?

व्हिडिओत आकडे जरा भरभर गेले. इथे कागद-पेन घेऊन निवांत बसा.

आधी हा हिशेब बघा

समजा, लालबाग-परळकडच्या एका कुटुंबाने ५ किलोमीटरची दौड ठरवली. २०० धावपटू, एन्ट्री फी ४०० रुपये. जमा झाले ८०,००० रुपये. आता खर्च. (हे आकडे समजण्यापुरते आहेत, तुमची कोटेशन तुम्ही घ्या.)

- टी-शर्ट: १६० रुपये × २०० = ३२,०००
- मेडल: ६० रुपये × २०० = १२,०००
- बिब आणि सेफ्टी पिना: १५ रुपये × २०० = ३,०००
- पाणी, केळी, नाश्ता: ५० रुपये × २०० = १०,०००
- अॅम्ब्युलन्स आणि डॉक्टर: ८,०००
- साउंड, बॅनर, मांडव: ९,०००
- परवानग्यांची धावपळ, किरकोळ आणि अचानक येणारा खर्च: ६,०००

बेरीज करा. बरोबर ८०,०००. म्हणजे दौड हाउसफुल्ल, सगळे खूश, फोटो झकास, आणि संस्थेला शून्य रुपये.

आता दुसरी शक्यता. २०० चा माल आधीच छापून घेतला आणि आले फक्त १२०. जमा ४८,०००. टी-शर्ट, मेडल, बिबचे ४७,००० तर देऊन झालेत. नाश्ता ६,०००, बाकीचा ठरलेला खर्च २३,०००. एकूण ७६,०००. म्हणजे २८,००० रुपये घरातून घालायचे. आणि "कॅन्सर पेशंटसाठी धावा" असं लिहून आपण लोकांकडून पैसे घेतलेले असतात.

इथे कोणीही चोरी केलेली नाही. तरीही माणसाने विश्वासाने दिलेले पैसे पोचायचे तिथे पोचले नाहीत. परळला टाटा मेमोरियलच्या बाहेर फुटपाथवर बाहेरगावचे पेशंट आणि त्यांचे नातेवाईक पथारी टाकून असतात, हे आपल्या भागात कोणाला सांगायला नको. त्यांच्या नावाने जमवलेला रुपया टी-शर्टवर गेला, तर ते टी-शर्ट घालून त्यांच्यासमोरून जायला आपल्यालाच जड जाईल.

तीन खिसे

म्हणून नियम एकच. पहिल्या दिवसापासून पैशाचे तीन खिसे करायचे.

पहिला खिसा दौडीचा. एन्ट्री फी आणि स्पॉन्सरचे पैसे यात येतात, आणि दौडीचा सगळा खर्च यातूनच जातो.

दुसरा खिसा देणगीचा. हे पैसे तुमच्या हातात यायलाच नकोत. संस्थेचा स्वतःचा क्यूआर कोड आणि बँक खातं फॉर्मवर टाका. देणारा थेट संस्थेला देईल आणि पावतीही संस्थाच देईल.

तिसरा खिसा घराचा. घरातून किती घालायचे हे आधी ठरवा, लिहून ठेवा, आणि ते पैसे घातल्यावर तो खिसा बंद करा.

आणि जाहिरातीत स्पष्ट लिहा: "एन्ट्री फी दौडीच्या खर्चासाठी आहे. देणगी थेट संस्थेच्या खात्यात द्यावी." काही लोक म्हणतील, असं लिहिलं तर कोण पैसे देईल? उलट आहे. कुठे काय जातं हे कळलं की माणूस मोकळ्या हाताने देतो. आपल्या मंडळांच्या वर्गणीचं बघा. पावती फाडून मिळते, वर्षाच्या शेवटी अहवालात जमाखर्च छापला जातो, म्हणून लोक दर वर्षी देतात. गिरगावातल्या केशवजी नाईक चाळीचा सार्वजनिक गणेशोत्सव १८९३ पासून चालू आहे. सव्वाशेहून जास्त वर्षं माणसं देत राहतात ती विश्वासावर.

मोठ्या दौडी हेच करतात

मुंबई मॅरेथॉन २००४ मध्ये सुरू झाली. ती भरवते प्रोकॅम इंटरनॅशनल. ही कंपनी अनिल सिंग आणि विवेक सिंग या दोन भावांनी १९८८ मध्ये काढली, म्हणजे मुळात घरचाच धंदा! पण देणग्यांची बाजू ते स्वतः बघत नाहीत. ते काम युनायटेड वे मुंबई या संस्थेकडे आहे. धावणारा आपल्या आवडीची संस्था निवडतो आणि मित्र, नातेवाईक, ऑफिसकडून तिच्यासाठी पैसे उभे करतो. दौडीचा धंदा एका हातात, देणगी दुसऱ्या हातात.

दुसरं उदाहरण तर एका कुटुंबाचंच आहे. कॅनडाचा टेरी फॉक्स. कॅन्सरमुळे १९७७ मध्ये त्याचा उजवा पाय कापावा लागला. १९८० च्या एप्रिलमध्ये कृत्रिम पायावर तो कॅनडा ओलांडायला निघाला, कॅन्सर संशोधनासाठी पैसे जमवायला. मित्र व्हॅन चालवायचा, पुढे धाकटा भाऊ डॅरेलही येऊन मिळाला. १४३ दिवसांत ५,३७३ किलोमीटर झाले आणि कॅन्सर फुफ्फुसात पसरल्याने त्याला थांबावं लागलं. जून १९८१ मध्ये, बावीस वर्षांचा असताना, तो गेला. त्याच सप्टेंबरमध्ये पहिली टेरी फॉक्स रन झाली. ३ लाख लोक आले आणि ३५ लाख डॉलर जमले.

टेरीची अट होती की या कामातून कोणी धंदा करायचा नाही. त्याच्या आईने, बेटी फॉक्स यांनी, ती अट पुढे तीस वर्षं सांभाळली. त्या दौडीला एन्ट्री फी नाही, नंबर नाही, कंपन्यांची जाहिरातबाजी नाही. येईल त्याने धावावं किंवा चालावं आणि जमेल ते द्यावं. मुंबईतही ही दौड झाली आहे आणि तिचा निधी परळच्या टाटा मेमोरियलमधल्या कॅन्सर संशोधनाला गेला आहे.

यातून आपण काय घ्यायचं? टी-शर्ट आणि मेडल नसतील तरी लोक येतात. वरचाच हिशेब पुन्हा करू. टी-शर्ट, मेडल काढलं. माणशी खर्च उरला ६५ रुपये (बिब १५, नाश्ता ५०). ठरलेला खर्च तोच, २३,०००. फी ठेवली ३००. म्हणजे प्रत्येक माणसामागे २३५ रुपये ठरलेल्या खर्चासाठी मिळतात. २३,००० भागिले २३५, साधारण ९८. अठ्ठ्याण्णव माणसं आली की दौड स्वतःच्या पायावर उभी. १२० आली तर ५,२०० उरतात, २०० आली तर २४,०००. शिल्लक राहील ती चेकने संस्थेला. आणि देणगीचा खिसा तर वेगळा भरतोच आहे. ज्याला टी-शर्ट हवाच असेल त्याच्याकडून वेगळे पैसे आगाऊ घ्या आणि तेवढेच छापा.

एक गोष्ट मात्र कधीही कापायची नाही: अॅम्ब्युलन्स आणि डॉक्टर.

कागदपत्रांचं

१. नोंदणीकृत ट्रस्ट नसलेल्या कोणालाही धर्मादाय कामासाठी लोकांकडून पैसे गोळा करायचे असतील, तर धर्मादाय आयुक्तांकडे कलम ४१ क खाली परवानगी घ्यावी लागते. गणपती मंडळवाल्यांना ही "फॉर्टीवन सी" चांगली ठाऊक आहे. देणगी थेट नोंदणीकृत संस्थेच्या खात्यात गेली तर तुमच्या डोक्यावरचं ओझं बरंच हलकं होतं. तरी आपल्या सीएला एकदा विचाराच.

२. संस्थेचं नाव वापरायला तिचं लेखी पत्र घ्या. नुसती तोंडी "हो हो, करा" ही परवानगी धरू नका.

३. एन्ट्री फी म्हणजे देणगी नव्हे. त्यावर आयकराची ८०जी सवलत मिळेल असं कोणाला सांगू नका. खऱ्या देणगीवरही, रोख २,००० रुपयांच्या वर दिली तर ही सवलत मिळत नाही.

४. फी दुकानाच्या क्यूआर कोडवर घेऊ नका. ते पैसे दुकानाच्या विक्रीत मिसळतात आणि नंतर जीएसटी, आयकर दोन्हीकडे समजावत बसावं लागतं. दौडीसाठी वेगळं खातं ठेवा.

घरच्यांना कामं वाटताना

घरच्या माणसांचं बळ मोठं असतं, पण हिशेब बिघडतो तो "घरचंच तर आहे" या वाक्याने. म्हणून चार गोष्टी पाळा.

पैसे घेणारा आणि पैसे खर्च करणारा माणूस वेगळा हवा. शक्यतो ते नवरा-बायको नसावेत. दोघांवर अविश्वास आहे म्हणून नाही. उद्या कोणी बोट दाखवलं तर दोघांनाही आधार राहावा म्हणून.

हिशेब तपासायला एक बाहेरचा माणूस ठेवा. चाळीतले बँकेतून रिटायर झालेले एखादे काका असतातच. त्यांना सांगा, "काका, दर रविवारी अर्धा तास वही बघा."

मेहुण्यांचा प्रिंटिंगचा धंदा असेल तर काम त्यांनाही द्या, पण तीन कोटेशन घेऊन. "दादा, भाव लेखी द्या, सगळ्यांकडून घेतोय" एवढं बोलायला लाजू नका. नंतर बारशाला-लग्नाला तोंड चुकवण्यापेक्षा हे बरं.

आणि घरच्यांच्या मेहनतीची किंमत वहीत लिहा, दिली नाही तरी. वहिनींनी दोनशे माणसांचा नाश्ता केला, तो बाहेरून घेतला असता तर किती लागले असते? हा आकडा लिहिला नाही तर पुढच्या वर्षी त्या आजारी असताना तुमचं बजेट कोसळेल.

रस्ता आणि वेळ

डॉ. आंबेडकर रोड बंद करून मिळेल या भ्रमात राहू नका. छोट्या दौडीला फेऱ्यांचा मार्ग बरा. शिवाजी पार्कची एक फेरी साधारण सव्वा किलोमीटर भरते, म्हणजे चार फेऱ्यांत काम होतं. स्वतः मोजून घ्या. अर्ज तीन ठिकाणी: स्थानिक पोलीस ठाणं, वाहतूक पोलीस आणि महापालिकेचा वॉर्ड. परळ-लालबागला एफ साउथ, दादर पश्चिमेला जी नॉर्थ, गिरगावला डी वॉर्ड. निदान दोन महिने आधी सुरुवात करा, आणि परवानगी हातात आल्याशिवाय तारीख छापू नका.

लाउडस्पीकर सकाळी ६ च्या आधी चालत नाही. हॉस्पिटलपासून १०० मीटर शांतता क्षेत्र असतं. परळला केईएम, टाटा, वाडिया सगळं जवळजवळ आहे, त्यामुळे तिथे ढोल-ताशाचा विचार सोडा.

तारीख निवडताना ६ डिसेंबरच्या आसपास दादर टाळा. चैत्यभूमीला लाखोंची गर्दी असते आणि पोलीस तिथे गुंतलेले असतात. जानेवारीचा तिसरा रविवारही नको, त्या दिवशी सगळे मुंबई मॅरेथॉनला असतात.

दौड झाल्यावर

सात दिवसांच्या आत एका पानाचा जमाखर्च तयार करा. किती आले, किती जमले, कुठे गेले, संस्थेच्या खात्यात थेट किती पोचले, घरातून किती घातले. खाली तपासणाऱ्या काकांची सही. हे पान प्रत्येक धावपटूला व्हॉट्सअॅपवर पाठवा आणि दुकानात भिंतीवर लावा. तोटा झाला असेल तर तोही लिहा. पुढच्या वर्षी स्पॉन्सरकडे जाताना हेच पान तुमच्या कामाला येईल.

आजचा गृहपाठ: एका कागदावर तीन रकाने आखा, दौड, देणगी आणि घर. घरातल्या सगळ्यांना बसवून प्रत्येक रकान्यापुढे एकेक नाव लिहा, एक नाव दोनदा येऊ देऊ नका. मग तुमचे आकडे टाकून बघा, किती माणसं आली की दौडीचा खर्च भागतो. तो आकडा मिळाल्याशिवाय बॅनर छापायला देऊ नका.

भेटू पुढच्या व्हिडिओत. तोपर्यंत हिशेब चोख ठेवा!