जुन्या कच्च्या पु-अर चहाची पारख

चीनच्या युन्नान प्रांतातील शीश्वांगबान्ना हा पु-अर चहाचा एक प्रमुख प्रदेश होय. तेथील दाई व बुलांग समाजांत थेरवादी बौद्ध परंपरा रुजलेली आहे. या डोंगराळ भागातील मोठ्या पानांचा चहा कढईत भाजून, मळून उन्हात वाळवतात. नंतर वाफ देऊन त्याच्या चकत्या दाबतात. रूढ चकती 357 ग्रॅमची असते. हाच कच्चा पु-अर. 1973 साली कुनमिंग येथे ओल्या ढिगात तो त्वरेने मुरवण्याची पद्धत विकसित झाली. तो 'पक्का' पु-अर. कच्चा मात्र वर्षानुवर्षे सावकाश पालटतो. त्याचा कडवटपणा व तुरटपणा ओसरत जातो.

तथापि केवळ वय म्हणजे गुण नव्हे. हाँगकाँगच्या दमट हवेत चहा लवकर मुरतो, पण ओल अति झाल्यास बुरशी धरते. कुनमिंगच्या कोरड्या हवेत तो संथपणे मुरतो. शिवाय वेष्टनावरील साल खोटेही असू शकते. म्हणून निर्णय स्वतः चाखूनच करावा.

झाकणाच्या 100 मिलिलिटर पेल्यात सुमारे 7 ग्रॅम चहा घ्यावा. उकळते पाणी ओतून पहिले पाणी लगेच टाकून द्यावे. पुढे 10 सेकंदांपासून आरंभ करून प्रत्येक वेळी अवधी थोडा वाढवावा. उत्तम चहा दहा वेळाही उतरतो. तांबूस पण स्वच्छ रस, जुन्या लाकडाचा वा कापराचा गंध आणि घोटानंतर घशात परतणारा गोडवा या चांगल्या खुणा होत. अखेरीस भिजलेली पाने चोळून पाहावीत. ती लवचीक असल्यास साठवण योग्य झाली असे समजावे. काळी, ताठ व कुबट असल्यास वेष्टनावरील वयावर विसंबू नये.