छातीवरचे पंख

जबलपूरच्या सदर बाजारात, जेथे छावणी आणि शहर एकमेकांत बेमालूम मिसळतात, एखाद्या जवानाच्या छातीवर, उजव्या खिशाच्या आणि नावपट्टीच्या वर, उघडलेली हवाई छत्री आणि तिच्या दोहो अंगांस पसरलेले निळसर पंख दिसले, तर तो पॅराशूट रेजिमेंटचाच शिपाई असेल असे खात्रीने समजू नये. येथील सिग्नल केंद्रात तयार झालेला बिनतारी संदेशकही तो असू शकेल, कारण हे चिन्ह पलटणीचे नसून अर्हतेचे आहे. आग्र्याच्या प्रशिक्षण विद्यालयात पाच उड्या, त्यांतील एक रात्रीची, पुऱ्या केल्याखेरीज ते बहाल होत नाही. आणि ते विद्यालय वायुदलाचे, म्हणजे भूदलाच्या शिपायास पंख लाभतात ते परक्या दलाच्या हातून, हे मला मोठे मार्मिक वाटते.

मराठी वाचकास या पंखांचे अगत्य असण्याचे कारण निराळे आहे. मराठा लाइट इन्फंट्रीची जी तिसरी पलटण १९५२ साली पॅराशूट रेजिमेंटकडे वर्ग होऊन २ पॅरा (मराठा) झाली, तीच ११ डिसेंबर १९७१ रोजी, लेफ्टनंट कर्नल कुलवंतसिंग पन्नू यांच्या हाताखाली, पूर्व बंगालात टांगाईलनजीक आकाशातून उतरली आणि तिने पुंगलीचा पूल काबीज करून ढाक्याकडे माघार घेणाऱ्या शत्रूची वाट रोखली.

डाव्या खिशावरचा मिन्याचा लहान बिल्ला उड्यांचा हिशेब सांगतो : त्यावरील तारे पंचवीस, पन्नास, शंभर उड्यांचे. उजव्या खिशावरचे ‘बलिदान’ चिन्ह मात्र केवळ विशेष दलांचे. पंखांशी त्याची गल्लत करू नये.