नजमातला जुना लॅपटॉप आणि रुसलेले वायफाय

विंडोज 10 ची नेहमीची मोफत देखभाल मायक्रोसॉफ्टने 14 ऑक्टोबर 2025 रोजी थांबवली. विंडोज 11 ला टीपीएम 2.0 आणि इंटेलचा प्रोसेसर असेल तर साधारण आठव्या पिढीपुढचा लागतो. झाले! घरोघरचे धडधाकट लॅपटॉप एका दिवसात म्हातारे ठरले. आपल्या नजमातल्या सूक हराजसारख्या जुन्या बाजारात जाणाऱ्यांनाही आता हा प्रश्न आहेच.

यावर उपाय म्हणून कुणीतरी सांगतो, "लिनक्स टाका की." टाकले. पडदा उजळला, आवाज आला, डेबियनने तर सुरुवातीलाच मराठी हवी का म्हणून विचारले. फक्त वायफाय नाही! भाड्याच्या खोलीत राउटर दुसऱ्याच्या दाराआड, तिथून केबल कोण ओढणार? आणि शुक्रवारी गावाकडच्या आईबाबांना पडद्यावर बघायचे असते, मुलांचा अभ्यास असतो.

दोष लिनक्सचा नसतो, निदान पूर्णपणे नसतो. वायफायच्या चिपला चालवणारा ड्रायव्हर लागतोच, शिवाय बहुतेक चिपना स्वतःच्या पोटात भरायला फर्मवेअर नावाची एक फाइल लागते. ती कंपनीच्या मालकीची. इंटेल ती वाटू देते, म्हणून इंटेलचे कार्ड असले की सहसा फारसा त्रास नाही. ब्रॉडकॉमने मात्र बरीच वर्षे माहितीच दिली नाही. मग हौशी मंडळींनी काय केले? एका गटाने ब्रॉडकॉमचा बंदिस्त ड्रायव्हर तपासून चिप कशी चालते ते लिहून काढले आणि दुसऱ्या गटाने मूळ ड्रायव्हरकडे न बघता फक्त त्या टिपणावरून नवा लिहिला. म्हणजे शेजारणीच्या आमटीची चव घेऊन एकीने मसाला ओळखावा आणि दुसरीने तो घरी कुटावा! 2006 मध्ये हा ड्रायव्हर लिनक्सच्या गाभ्यात आला. सप्टेंबर 2010 मध्ये ब्रॉडकॉमने काही नव्या चिपसाठी स्वतःच खुला ड्रायव्हर दिला. पण जुन्या चिपचे फर्मवेअर आजही ब्रॉडकॉमच्या बंदिस्त ड्रायव्हरमधून कापून काढावे लागते. लिनक्सवाले ते आपोआप करतात, पण त्यासाठी इंटरनेट हवे. आणि इंटरनेटसाठी वायफाय!

ही गाठ सोडवायला अँड्रॉइड फोन पुरतो. फोन घरच्या वायफायला जोडा, डेटा केबलने लॅपटॉपला लावा आणि सेटिंगमध्ये यूएसबी टेदरिंग चालू करा. फोनचे वायफाय केबलमधून लॅपटॉपला मिळते. सिमकार्डाचा डेटा खर्च होत नाही. एवढ्यावर फर्मवेअर उतरवून घेता येते. डेबियन घ्यायचे तर 12 किंवा त्यापुढचे घ्या. 2022 च्या मतदानानंतर, जून 2023 पासून त्यांनी फर्मवेअर मूळ इन्स्टॉलरमध्येच ठेवले आहे.

त्याआधी दोन मिनिटे द्या. काही लॅपटॉपच्या कडेला वायफाय बंद करायचा इवलासा खटका असतो, किंवा एफएन कळीबरोबर दाबायची एखादी कळ. 'आरएफकिल लिस्ट' ही आज्ञा वायफाय खटक्याने अडले आहे की सॉफ्टवेअरने, ते सांगते. 'एलएसपीसीआय' आज्ञेने आतल्या कार्डाचे नाव कळते, 'एलएसयूएसबी'ने बाहेरून लावलेल्याचे. आज्ञा लहान लिपीत टाइप कराव्यात.

बाहेरून लावायचा यूएसबी अडॅप्टर घेताना खोक्यावरच्या नावावर जाऊ नका. टीपी-लिंकचा टीएल-डब्ल्यूएन 722 एन घ्या. पहिल्या आवृत्तीत अथेरॉसची चिप होती, लिनक्सवर गुणी. दुसऱ्या आवृत्तीपासून आत रियलटेक आली, नाव मात्र तेच! तेव्हा अडॅप्टरवरच्या चिकटपट्टीवर आवृत्तीचा आकडा वाचावा. जुना लॅपटॉप घेत असाल तर आमचा सल्ला असा, की लिनक्सचा पेनड्राइव्ह खिशात घेऊन जा. इन्स्टॉल न करता त्यावरूनच मशीन सुरू होते. स्वतःच्या फोनचा हॉटस्पॉट पकडतो का ते बघा, मगच रियाल मोजा. दुकानदार कुरकुरला तर पुढचे दुकान.

एक बारीकशी मेख राहिली. सिक्युअर बूट चालू असलेल्या मशीनवर बाहेरचा ड्रायव्हर टाकला, की एक पासवर्ड ठरवायला सांगतात आणि पुन्हा सुरू होताना निळा पडदा येतो. तिथे कळ दाबून किल्लीची नोंद करायची आणि तोच पासवर्ड द्यायचा असतो. नोंद झाली नाही तर ड्रायव्हर डिस्कवर असूनही चालत नाही. तो पडदा दहा सेकंदच थांबतो, म्हणून तेवढा वेळ चहाला उठू नये.