तुर्कस्तानचा किनारा : कुटुंबाचा पैसा कुठे जातो?

कुवेतमध्ये नोकरीस असलेल्या आमच्या धाकट्या बंधूंना दोन वर्षांतून एकदा लांब रजा मिळते. एरवी ती गावच्या घराची कौले आणि नात्यातली लग्ने यांतच संपते. मागच्या खेपेस मात्र त्यांनी हट्टच धरला की, अम्मी, भाभी, मुले अशा सर्वांनी अंताल्यास यावे आणि बारा दिवस तुर्कस्तानच्या किनाऱ्याने फिरावे. पैसा बव्हंशी त्यांचा, म्हणून हिशेबाची वही आमच्याकडे आली. प्रस्तुत लेख त्या वहीवरून लिहीत आहोत. निळ्या समुद्राची वर्णने वाचकांना इतरत्र भरपूर मिळतील.

पहिल्या चार रात्री अंताल्याच्या पूर्वेकडील एका मोठ्या हॉटेलात होत्या. राहणे, तिन्ही वेळचे जेवण, चहा, पोहण्याचे तलाव, मुलांचे खेळ, सारे एकाच रकमेत. तुर्की भाषेत या पद्धतीस ‘हेर शेय दाहिल’ म्हणजे ‘सर्व काही समाविष्ट’ म्हणतात. लहान मुले असलेल्या कुटुंबाला याचा मोह पडणे स्वाभाविक आहे. एकदा पैसे भरले की पाकिटात हात घालावा लागत नाही. आमची मुले तर दिवसातून पाचदा आइस्क्रीम खाऊन आली.

हा धंदा आपोआप उभा राहिलेला नाही. १९८२ मध्ये तेथे लष्करी राजवट असताना पर्यटनास उत्तेजन देणारा कायदा (क्र. २६३४) झाला. किनाऱ्यावरील सरकारी जमिनी ४९ वर्षांपर्यंतच्या कराराने गुंतवणूकदारांना मिळू लागल्या आणि पाठोपाठ विमानतळ, रस्ते, पाणी आले. २०१९ साली एकट्या अंताल्या प्रांतात दीड कोटीहून अधिक परदेशी पाहुणे उतरले. यात जोखीमही मोठी आहे. नोव्हेंबर २०१५ मध्ये सीरियाच्या सरहद्दीवर रशियाचे लढाऊ विमान पाडले गेले, रशियाने आपल्या सहली थांबवल्या आणि पुढच्या उन्हाळ्यात हा किनारा ओस पडला होता.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी आम्ही फाटकाबाहेर पडलो. रस्त्यापलीकडे चपला, टॉवेल, मसाले, सोन्याचे दागिने अशी दुकानांची रांग होती. गिऱ्हाईक नाही. एका भोजनालयाच्या मालकाने चहा पाजला आणि मोडक्या इंग्रजीत म्हणाला, “तुमचे जेवण आत झालेले असते, मग तुम्ही माझ्याकडे कशाला जेवाल?” खोटे नव्हते. आधीच पैसे भरलेले असताना बाहेर जेवणे म्हणजे आपणच आपला खिसा कापण्यासारखे वाटते. तेथे छोट्या दुकानदार-कारागिरांना ‘एस्नाफ’ म्हणतात. या पद्धतीविरुद्ध एस्नाफांची तक्रार वर्षानुवर्षे चालू आहे. आम्ही स्वतः किराणा दुकानात वाढलो, त्यामुळे त्याचा चेहरा लवकर विसरता आला नाही.

दुसरी अडचण घरातली होती. तलावाभोवती दारूचा गुत्ता आणि पोहण्याचे कपडे, म्हणून अम्मी चारही दिवस खोलीच्या सज्जात बसून राहिल्या. बंधूंना याचे फार वाईट वाटले, कारण एवढा खर्च मुख्यतः त्यांच्यासाठीच होता. व्यापाऱ्यांनी ही गरज ओळखलेली नाही असे नाही. एजियन किनाऱ्यावरील दिदिम येथे १९९६ मध्येच दारू नसलेले आणि स्त्रियांसाठी पोहण्याची स्वतंत्र सोय असलेले मोठे हॉटेल निघाले. आज आलान्या भागात अशी अनेक आहेत. आम्ही चौकशी केली नाही, ही चूक आमची. पण तीही ‘सर्व समाविष्ट’च असतात, म्हणजे फाटकाबाहेरच्या दुकानदाराला त्यांचाही उपयोग बेताचाच.

पाचव्या दिवशी आम्ही पश्चिमेकडे निघालो. मोठ्या अंतरासाठी बस, जवळच्यासाठी ‘दोलमुश’. या शब्दाचा अर्थच ‘भरलेला’ असा आहे. आपल्याकडील वडाप डोळ्यांसमोर आणावे, फक्त दार लागते आणि माणसे टपावर बसत नाहीत. लांबच्या बसमध्ये एकट्या स्त्रीशेजारची जागा अनोळखी पुरुषाला देत नाहीत, आणि गाडीतील पोरगा प्रवाशांच्या हातावर लिंबाच्या वासाचे कोलोन ओततो. अम्मींनी प्रत्येक वेळी दोन्ही हात पुढे केले.

काश येथे ‘पान्सियोन’मध्ये उतरलो. म्हणजे घराच्याच वरच्या खोल्या, खाली मालकीणबाईंचे स्वयंपाकघर. न्याहारीस ऑलिव्ह, चीज, टोमॅटो, घरचा मुरंबा. अम्मी पहिल्याच सकाळी खाली जाऊन घेवड्याच्या शेंगा निवडू लागल्या. दोघींना एकमेकींचा एक शब्द कळत नव्हता. समोर ग्रीसचे मेईस बेट इतके जवळ की मुलांनी होडीचा हट्ट धरला. परंतु ते युरोपात मोडते, आणि भारतीय पासपोर्टला शेंगेन व्हिसा वेगळा लागतो. शिवाय आमचा तुर्की व्हिसा एकाच प्रवेशाचा होता. कुटुंबाने हे आधी तपासावे.

फेतियेवरून दाल्यानला गेलो. व्यापाऱ्याच्या नजरेने पाहता हे गाव आम्हाला सर्वांत मोलाचे वाटले. येथील इझतुझु हा सुमारे साडेचार किलोमीटरचा वाळूचा किनारा, आणि त्यावर समुद्री कासवे अंडी घालतात. १९८० च्या दशकात येथेही मोठे हॉटेल बांधायला घेतले होते. जून हायमोफ या इंग्रज बाई आणि तुर्की व परदेशी निसर्गप्रेमींनी विरोध केला, १९८७ मध्ये काम थांबले आणि १९८८ मध्ये हा परिसर संरक्षित ठरला. कासवांच्या हंगामात रात्री किनाऱ्यावर कोणालाही जाता येत नाही. मग गाव कशावर जगते? होड्यांवर. बोरूच्या बेटांतून वळणे घेत जाणाऱ्या नदीने प्रवासी किनाऱ्यावर पोचवायचे, आणि हे काम नावाड्यांची सहकारी संस्था करते. सहकार म्हटला की आपल्याकडे साखर आणि दूध आठवते, येथे तो वल्ह्यावर होता. हॉटेल झाले असते तर यांतील कितीजण तेथे वेटर असते, असा प्रश्न बंधूंनी विचारला. ते स्वतः कुवेतमध्ये हॉटेलच्याच नोकरीत आहेत.

शेवटचा मुक्काम बोद्रुम. येथील माणसे एके काळी समुद्रतळाचे स्पंज काढून विकत. १९२५ मध्ये जेवात शाकिर या लेखकाला येथे हद्दपार केले गेले. पुढे १९४० च्या दशकात ते मित्रांना घेऊन अशाच साध्या होड्यांतून फिरू लागले, आणि त्यातून ‘निळा प्रवास’ हा प्रकार रूढ झाला. १९८६ च्या सुमारास भूमध्य समुद्रातील स्पंजांना रोग लागला, कृत्रिम स्पंजही बाजारात आला होता. पण तोपर्यंत बोद्रुमच्या सुतारांना ‘गुलेत’ नावाच्या लाकडी प्रवासी नौका बांधण्याचे काम मिळू लागले होते. एक माल गेला तरी होडी बांधणारा हात रिकामा राहिला नाही.

किल्ल्यातील संग्रहालय मुलांसाठी नव्हे, दुकानदारांसाठी पाहावे. १९८२ मध्ये काशजवळ एका स्पंज काढणाऱ्या पाणबुड्याला तळाशी ‘कान असलेली धातूची बिस्किटे’ दिसली. ती तांब्याची निघाली. उलुबुरुन येथे सुमारे ३३०० वर्षांपूर्वी बुडालेल्या त्या जहाजावर दहा टन तांबे आणि एक टन कथील होते. कांसे ओतण्यास जवळपास हेच प्रमाण लागते, म्हणजे मागणी ठाऊक असलेल्या माणसानेच माल भरला होता.

आता वहीकडे वळू. लिराचा भाव स्थिर नसल्याने आम्ही सर्व रकमा युरोत लिहिल्या. २०२२ च्या ऑक्टोबरात तेथील महागाई ८५ टक्क्यांवर गेली होती, त्यामुळे जुन्या प्रवासवर्णनातील दरांवर विसंबू नये. हॉटेलातील एका दिवसाचा खर्च शंभर धरला तर पान्सियोन आणि बसच्या दिवसांचा खर्च सरासरी ब्याण्णव पडला. बचत मोठी नाही, हे प्रांजळपणे सांगतो. सामान वाहण्याचे कष्ट वेगळे, आणि एका दुपारी फेतियेच्या बसस्थानकात धाकटी तापाने फणफणली तेव्हा त्या वातानुकूलित खोलीची आठवण सर्वांनाच झाली.

फरक पावत्यांत दिसला. चार दिवसांची हॉटेलची पावती एक. पुढील आठ दिवसांच्या नोंदी एकसष्ट : तीन पान्सियोन, बसवाले, नावाडी, बेकरी, औषधाचे दुकान, आणि अम्मींनी काशच्या मालकीणबाईंच्या नातीसाठी घेतलेल्या बांगड्या. या शेवटच्या रकमेपुढे बंधूंनी स्वतःच्या हाताने ‘घरखर्च’ असे लिहिले आहे.