चार गिअर मागे, एक पुढे

मोटारींच्या इतिहासात ज्या मोजक्या वाहनांना यंत्रशास्त्राच्या कक्षेबाहेरही कीर्ती लाभली, त्यांत जर्मनीतील फोक्सवॅगन कारखान्याने ८ मार्च १९५० पासून बांधावयास घेतलेल्या, चपट्या तोंडाच्या आणि दुभागलेल्या काचेच्या छोट्या बसची गणना करावी लागेल. बेन पॉन ह्या डच व्यापाऱ्याने २३ एप्रिल १९४७ रोजी आपल्या वहीत चाकांवरच्या एका डब्याचे ओबडधोबड चित्र रेखाटले. त्यात चालक पुढच्या चाकांवर, इंजिन मागच्या चाकांवर आणि मधली सारी जागा मालासाठी मोकळी होती. त्या चित्रातून प्रथम वोल्फ्सबुर्ग येथे आणि १९५६ पासून हॅनोव्हर येथे जी बस आकारास आली, तिची पहिली पिढी जर्मनीत १९६७ पर्यंत चालली आणि तेवढ्या अवधीत सुमारे १८ लाख गाड्या कारखान्याबाहेर पडल्या. पुढे इस्तंबूल, तेहरान, काबूल, लाहोर अशा खुष्कीच्या मार्गाने युरोपातील तरुण-तरुणी हिंदुस्थानात येऊ लागली, तेव्हा त्यांतील कित्येकांनी हीच बस आणि तिची दुसरी पिढी हणजूण-कळंगुटच्या किनाऱ्यापर्यंत हाकत आणली. १९७९ मध्ये इराणातील राज्यक्रांती आणि अफगाणिस्तानातील सोव्हिएत फौजांचा प्रवेश ह्या दोन घटनांनी तो मार्ग बंद झाला. ह्या बसविषयी बोलताना रसिक तिच्या रंगाबद्दल आणि हवेने थंड होणाऱ्या इंजिनाबद्दल भरभरून बोलतात. गिअरबॉक्सची आठवण मात्र तो निकामी झाल्यावरच होते, आणि तो बदलावयाची वेळ आली म्हणजे ह्या साध्या दिसणाऱ्या गाडीची रचना किती परस्परावलंबी आहे, ह्याचा प्रत्यय येतो.

गिअरबॉक्सचे कार्य थोडक्यात सांगता येईल. पेट्रोलचे इंजिन ठरावीक वेगमर्यादेतच जोमाने काम करते. चाकांना मात्र चढावर संथ पण दमदार आणि सपाटीवर वेगवान फिरावे लागते. ह्या दोन गरजांमधील तडजोड लहानमोठ्या दातेरी चाकांच्या जोड्या करतात. ह्या बसची तडजोड अधिकच बिकट होती. कारण पहिल्या गाड्यांच्या ११३१ घनसेंटिमीटरच्या इंजिनाची शक्ती अवघी २५ अश्वशक्ती होती आणि तिच्यावर फोक्सवॅगनच्याच बीटल मोटारीच्या मानाने कितीतरी जड गाडा ओढण्याचा भार होता. अभियंत्यांनी युद्धकाळातील क्यूबलवॅगन ह्या लष्करी गाडीची युक्ती उचलली आणि प्रत्येक मागच्या चाकापाशी दोन दातेरी चाकांची एक छोटी पेटी बसविली. तिच्यामुळे गाडी जमिनीपासून उंच राहिली आणि चाकांचा जोरही वाढला. साठच्या दशकाच्या मध्यावरील बसचा हिशेब मांडून पाहावा: पहिल्या गिअरचे प्रमाण ३.८०, मुख्य पेटीतील क्राऊन-पिनियन ह्या दातेरी जोडीचे ४.१२५ आणि चाकापाशी असलेल्या पेटीचे १.२६, ह्या तिहींचा गुणाकार केला म्हणजे चाकाच्या एका फेऱ्यासाठी इंजिनाला पावणेवीस फेरे घ्यावे लागतात, असे दिसून येते. घाट चढण्याचे ह्या बसचे सामर्थ्य ह्या पावणेवीसांत आहे.

गिअर, क्राऊन-पिनियन आणि दोन्ही चाकांना वळणावर वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारे डिफरन्शियल हे सारे ह्या बसमध्ये मॅग्नेशियमच्या हलक्या मिश्रधातूच्या एकाच कवचात बसविलेले असते, आणि इंजिन त्या कवचाच्या पाठीला चार बोल्टांनी जोडलेले असते. १९५३ पर्यंतच्या गाड्यांत गिअर परस्परांत बिनतक्रार पडावेत अशी कसलीच सोय नव्हती. चालकाला दोनदा क्लच दाबून दात्यांचा वेग स्वतःच जुळवून घ्यावा लागे. त्या वर्षी वरच्या तीन गिअरांना आणि १९५९ पासून चारही गिअरांना सिंक्रोची व्यवस्था मिळाली. सिंक्रो म्हणजे निमुळत्या पृष्ठभागावर घासून दोन्ही भागांचा वेग समान करणारी पितळी कडी. ही कडी झिजली की गिअर टाकताना कर्कश आवाज येतो, आणि दुसऱ्या गिअरमध्ये ही तक्रार सहसा आधी ऐकू येते. झीज आणखी आत पोहोचली म्हणजे उतारावर पाय उचलताच गिअर आपोआप सुटून न्यूट्रलमध्ये येतो. बेअरिंगे गेली म्हणजे वेगाबरोबर चढत जाणारा सूर ऐकू येतो. आणि अखेरीस ऑइल काढण्याच्या बुचाच्या चुंबकाला नेहमीच्या करड्या लेपाऐवजी दात्याचा तुकडा चिकटलेला सापडला, तर गिअरबॉक्स उतरविण्यावाचून गत्यंतर नाही असे समजावे.

तथापि प्रत्येक तक्रारीचे मूळ गिअरबॉक्सच्या पोटात असतेच असे नाही. चालकाच्या हातातील दांडा गाडीच्या अगदी पुढे आणि गिअरबॉक्स अगदी मागे, अशी ह्या बसची मांडणी असल्यामुळे हाताचा हुकूम एका लांबलचक सळईमार्फत तळाखालून मागे पोहोचतो. त्या सळईची बुशे झिजली, किंवा तिला गिअरबॉक्सशी जोडणाऱ्या सांध्यातील रबर कुजले, की गिअर जागेवर पडत नाहीत. क्लचची केबल ताणली गेली आणि क्लच पुरता सुटेनासा झाला, तरी गिअर टाकताना दाते घासतात. थोड्या खर्चात बदलता येणारे हे भाग आधी न तपासता गिअरबॉक्स खाली उतरविणे म्हणजे आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी असाच प्रकार होय.

तपासणीअंती गिअरबॉक्सच दोषी ठरला, तर पुढचा प्रश्न असा की, त्याच्या जागी कोणता बसवावयाचा? दुसरा गिअरबॉक्स मिळविणे ही लग्नाची सोयरीक ठरविण्यासारखी गोष्ट आहे. रंगरूप पाहून भागत नाही, कुळ आणि गोत्र पाहावे लागते. बीटल मोटारीचा गिअरबॉक्स दिसावयास बसच्या गिअरबॉक्ससारखाच असतो आणि सहज मिळतो, म्हणून मोह होतो; परंतु तो जसाच्या तसा पहिल्या पिढीच्या बसमध्ये चढविला, तर गाडीला चार गिअर मागे जाण्याचे आणि एकच पुढे जाण्याचा असा विलक्षण प्रकार घडतो. ह्याचे कारण चाकापाशी असलेल्या त्या छोट्या पेटीत आहे. एका दातेरी चाकाने दुसऱ्याला फिरविले की दुसरे उलट दिशेने फिरते. तेव्हा चाके पुढे जावीत म्हणून बसच्या मुख्य पेटीतून बाहेर पडणारी गती मुळातच उलटी असावी लागते, आणि त्यासाठी बसमध्ये क्राऊन पिनियनच्या दुसऱ्या बाजूला बसविलेला असतो. बीटलच्या चाकांपाशी अशी पेटी नसल्यामुळे तिचा क्राऊन विरुद्ध बाजूला असतो. तो काढून बाजू बदलता येते. परंतु त्यासाठी कवच उघडून दात्यांमधील फट पुन्हा अचूक मापावी लागते, आणि हे काम जाणत्या मिस्त्रीचेच. १९६८ सालच्या नमुन्यापासून दुसऱ्या पिढीच्या बसमधून चाकांपाशी असलेल्या पेट्या गेल्या आणि अॅक्सलची रचनाही पालटली. त्यामुळे तिचा गिअरबॉक्सही पहिल्या पिढीत सरळ बसत नाही.

ह्यावर एक साधी कसोटी आहे. जुना आणि नवा असे दोन्ही गिअरबॉक्स बाकावर शेजारी ठेवावेत, दोन्ही पहिल्या गिअरमध्ये टाकावेत, इंजिनाकडचा दांडा दोन्हीकडे एकाच दिशेने हाताने फिरवावा आणि दोहोंची बाहेरची टोके कोणत्या दिशेला वळतात हे पाहावे. दिशा एकच असेल तर पुढचे काम हाती घ्यावे. नसेल तर पान्याला हात लावण्यापूर्वीच मोठा मनस्ताप टळला असे समजावे. दुसरी खातरजमा विजेची. स्टार्टर ज्याला फिरवितो त्या फ्लायव्हीलला सहा व्होल्टच्या जुन्या गाड्यांत १०९ दाते आणि बारा व्होल्टच्या नव्या गाड्यांत १३० दाते असतात. मोठे फ्लायव्हील जुन्या कवचात घासते आणि स्टार्टरचे टोक पेलणारे कवचातील बुशही दोन्हीकडे वेगळ्या मापाचे असते. सोयरीक जुळली असे म्हणावयाचे ते हा सारा तपशील पडताळल्यानंतरच.

प्रत्यक्ष काम त्या मानाने सरळ, पण श्रमाचे आहे. स्टार्टरची जिवंत तार गिअरबॉक्सलगत असते, म्हणून बॅटरीचे कनेक्शन प्रथम सोडवितात. मग गाडीचा मागचा भाग उचलून भक्कम स्टँडवर टेकवितात. नुसत्या जॅकवर उभ्या असलेल्या गाडीखाली शिरणे हा प्राणाशी खेळ आहे. पेट्रोलची नळी, वेगाची केबल आणि तारा सुटल्या की इंजिन जॅकवर पेलून चार बोल्ट काढतात आणि ते सरळ मागे ओढतात. ते तिरके झाले आणि त्याचा भार गिअरबॉक्सच्या दांड्यावर टांगला गेला, तर चांगली क्लचप्लेट वाकते. पहिल्या पिढीत अॅक्सलच्या नळ्या आणि चाकांपाशी असलेल्या पेट्या गिअरबॉक्सबरोबरच खाली येतात. त्यामुळे ब्रेकच्या नळ्या आणि हँडब्रेकच्या केबलीही सोडवाव्या लागतात. अॅक्सलची टोके दोन्हीकडे ज्या लवचीक पोलादी पट्ट्यांना बोल्टांनी आवळलेली असतात, तेथे अनुभवी मिस्त्री बोल्ट सोडण्यापूर्वी छिन्नीचा एक हलका घाव घालून पट्टी आणि अॅक्सल ह्यांवर एकसंध खूण उमटवितो. मागच्या चाकांची सरळ रेषा त्या खुणेवर अवलंबून असते. पुन्हा जोडताना दोन्ही अर्धे घाव एका ओळीत आले नाहीत, तर चाके तिरपी होतात आणि टायर थोड्या दिवसांत एका बाजूने झिजतात.

इंजिन बाहेर असताना क्लचप्लेट, रिलीज बेअरिंग आणि फ्लायव्हीलमागचे ऑइल सील पाहून घेणे हेच शहाणपण. ह्या जिनसांसाठी पुन्हा इंजिन उतरविणे कोणालाच परवडणारे नाही. चढविताना क्लचप्लेट अचूक मध्यावर बसवावी लागते, नाहीतर दांडा तिच्यात शिरत नाही. कवचाची धातू मऊ असल्यामुळे बोल्ट हाताच्या अंदाजाने आवळू नयेत. टॉर्क पान्याने नेमलेल्या मापापर्यंतच आवळावेत, अन्यथा आटे जातात. मुख्य पेटीत जीएल-४ वर्गाचे सुमारे अडीच लिटर ऑइल भरतात आणि चाकांपाशी असलेल्या प्रत्येक पेटीत पाव लिटर. ही पाव लिटरे स्वतंत्र भरावी लागतात. मुख्य पेटी भरल्याच्या समाधानात त्यांचा विसर पडला, तर कोरड्या पेटीतले दाते लवकरच जळून जातात. ब्रेकच्या नळ्या सुटल्या असल्यामुळे त्यांतील हवा काढल्याशिवाय गाडी रस्त्यावर आणू नये, हे सांगणे नलगे.

मूळ गिअरबॉक्स दुरुस्त करावा की दुसरा बसवावा, ह्याचा निर्णय कवचाच्या अवस्थेवर सोपविणे इष्ट. कड्या, बेअरिंगे आणि सिले नवी मिळतात. कवच फुटले असेल किंवा बेअरिंगची घरे सैल झाली असतील, तरच दुसऱ्याचा विचार करावा. आपल्याकडे जुलै २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत फेरफार होऊन पन्नास वर्षांहून जुन्या दुचाकी-चारचाकींसाठी 'व्हीए' ही स्वतंत्र नोंदणी-मालिका निर्माण झाली. चासी, बॉडी अथवा इंजिन ह्यांत मोठे फेरफार झालेले नसावेत, ही तिची अट आहे. गिअरबॉक्सचा त्या अटीत नावानिशी उल्लेख नसला, तरी गाडी मूळ स्वरूपात राखावी हा तिचा हेतू उघड आहे, आणि मूळ कवच जपले तर तो हेतूही साधतो.

दुसरा गिअरबॉक्स बसविणे भागच पडले, तर एक काम कधीही टाळू नये. तो कोणत्या सालचा, कोणत्या गाडीचा, त्याचे प्रमाण किती, क्राऊन कोणत्या बाजूला आणि फ्लायव्हीलचे दाते किती, एवढा तपशील कागदावर लिहून गाडीच्या दप्तरात ठेवावा. पुढे पंधरा-वीस वर्षांनी गाडी दुसऱ्याच्या ताब्यात गेलेली असेल आणि तिच्याखाली दुसराच मिस्त्री झोपलेला असेल. बाहेरून एकसारख्या दिसणाऱ्या त्या कवचात काय आहे, हे त्याला हा कागद सांगेल. कागद नसला, तर त्याला गिअरबॉक्स उतरवून पुन्हा पहिल्यापासून सारा तपास करावा लागेल.