रद्दबातल

पेण तालुक्यातील आमच्या गावात एक वाक्य मी लहानपणापासून ऐकत आलो आहे : ‘सेझच्या नोटिसा रद्दबातल झाल्या.’ हे सांगताना वडीलधाऱ्यांचा चेहरा निश्चिंत असतो. त्या निश्चिंतीला शब्दाचा आधार कितपत आहे, हे पाहण्याचा हा प्रयत्न.

‘रद्द’ आणि ‘बातल’ हे दोन्ही शब्द मूळचे अरबी. फारसीच्या वाटेने ते आपल्या दप्तरांत आले. ‘रद्द’ म्हणजे परत फिरवणे, नाकारणे. आपली ‘रद्दी’ही त्याच घराण्यातली. ‘बातिल’ म्हणजे खोटे, पोकळ. ‘रद्द’ ही कोणीतरी केलेली कृती. काल चालत होते ते आज थांबवले. ‘बातल’ हा मुळातलाच दोष. ते कधी चाललेच नव्हते. मुस्लिम विवाहविषयक कायद्यात ‘बातिल’ विवाह म्हणजे आरंभापासूनच शून्य, तो याच अर्थाने. ‘बाजारहाट’ या जोडशब्दात एकच अर्थ दोनदा येतो. ‘रद्दबातल’मध्ये मात्र दोन निराळे अर्थ एकत्र नांदतात.

आता नोटिसांकडे वळू. महामुंबई सेझसाठी पेण, उरण, पनवेल तालुक्यांतील जमिनी १८९४ च्या भूसंपादन कायद्याने घ्यायच्या होत्या. शेतकऱ्यांनी लढा दिला. २१ सप्टेंबर २००८ रोजी पेण तालुक्यातील २२ गावांत जनमत घेण्यात आले. त्या मतदानानेच नोटिसा उडाल्या, असे अनेकांना वाटते. परंतु त्या कायद्याच्या कलम ११-अ प्रमाणे कलम ६ च्या घोषणेपासून दोन वर्षांत निवाडा झाला नाही, तर कार्यवाही आपोआप संपत असे. २००९ मध्ये तेच घडले. लढ्याने वेळ मिळवून दिला. शेवट केला तो मुदतीने.

म्हणजे हे संपादन या दोन्ही अर्थांत बसत नाही. कायद्याची मराठी याला ‘व्यपगत’ म्हणते. आपली बोली सरळ ‘बारगळले’ म्हणते.

हा काथ्याकूट कशासाठी, असे कोणी विचारील. व्यपगत झालेले संपादन नव्या अधिसूचनेने पुन्हा सुरू करता येते, म्हणून. १८९४ चा कायदा जाऊन १ जानेवारी २०१४ पासून नवा कायदा आला. त्यातही निवाड्याला बारा महिन्यांची मुदत आहे आणि ती वाढवण्याचा अधिकार शासनाकडे आहे.

म्हणून मी घरी आजोबांना म्हणतो, ‘रद्दबातल नव्हे, बारगळले म्हणा.’ रद्दबातल म्हटले की माणूस निर्धास्त झोपतो. बारगळले म्हटले की चावडीवरची नोटीस वाचत राहतो.